काचेचे मणी आणि पाण्याचा फेरा : द्रव-घन सर्क्युलेटिंग फ्लुइडाइज्ड बेड पहिल्यांदा चालवताना

नाशिकच्या सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतींत धातूंवर प्लेटिंग करणारे कारखाने आहेत, दिंडोरी आणि निफाडच्या पट्ट्यात वायनरी आहेत, आणि या दोन्ही ठिकाणच्या सांडपाण्याचा प्रश्न हाती घेऊन रासायनिक किंवा पर्यावरण अभियांत्रिकीचे विद्यार्थी दरवर्षी प्रकल्पासाठी विषय शोधत असतात. त्यांतल्या काहींना वाचता वाचता ‘द्रव-घन सर्क्युलेटिंग फ्लुइडाइज्ड बेड’, म्हणजे द्रवाच्या प्रवाहाने घन मणी सतत फिरते ठेवणारे यंत्र, हे नाव भेटते आणि आकृती पाहून ते उत्साहाने कामाला लागतात, कारण आकृती सोपी आहे: एक उभी नळी (रायझर), शेजारी एक टाकी, वर दोघांना जोडणारा विभाजक आणि खाली एक तिरपा पाइप. अडचण पंप सुरू केल्यावर येते. मणी खालीच अडून राहतात, किंवा चांगले फिरत असताना अचानक थांबतात, किंवा पाणी तिरप्या पाइपातून उलटे टाकीकडे चढू लागते. आणि असे का झाले हे रायझरकडे कितीही वेळ पाहत राहिले तरी उमगत नाही. मी नाशिकमध्येच असे एक प्रायोगिक यंत्र काही वर्षे चालवले आहे. त्या अनुभवावरून नवख्या व्यक्तीला पहिल्या दिवसापासून उपयोगी पडेल असा क्रम येथे मांडत आहे. या यंत्राचे स्थैर्य रायझरमध्ये शोधायचे नसते, ते संपूर्ण फेऱ्याच्या दाबाच्या हिशेबात शोधायचे असते, हे ध्यानात ठेवून पुढचे सारे वाचावे.

यंत्र नेमके काय करते

साध्या आयन-एक्स्चेंज टाकीत रेझिनचे, म्हणजे पाण्यातील धातूंचे आयन पकडणाऱ्या पदार्थाचे, मणी एका जागी बसलेले असतात. त्यांची धातू पकडण्याची क्षमता संपली की सांडपाणी थांबवायचे, आम्ल किंवा क्षार सोडून रेझिन पुन्हा ताजे करायचे, धुवायचे आणि मग पुन्हा सांडपाणी सुरू करायचे, असा तिचा दिनक्रम असतो. सर्क्युलेटिंग बेडमध्ये मणीच फिरत राहतात. शेजारच्या रुंद टाकीतून ते सावकाश खाली सरकतात आणि तेथे शोषणाचे काम करतात. खालच्या पाइपातून रायझरमध्ये जातात, तेथे वेगळा द्रव त्यांना वर उचलून नेताना ताजे करतो. वरच्या विभाजकात द्रव वेगळा होतो आणि मणी पुन्हा टाकीत पडतात. दोन कामे दोन ठिकाणी, एकाच वेळी आणि न थांबता चालतात. कॅनडातील वेस्टर्न ओंटारियो विद्यापीठात या पद्धतीने प्रथिने वेगळी करण्याचे, तसेच मण्यांवर जिवाणूंचा थर वाढवून सांडपाण्यातील नायट्रोजन काढण्याचे प्रयोग झाले आहेत.

हे सर्व मणी अखंड आणि ठरावीक गतीने फिरत असतील तरच साधते. म्हणून कोणतीही रासायनिक प्रक्रिया जोडण्याआधी निव्वळ पाणी आणि काचेचे मणी घेऊन प्रवाह समजून घ्यावा, असा माझा आग्रह आहे. शॉट-ब्लास्टिंगसाठी वापरतात तेच गोल मणी चाळून घेतले तर चांगले काम देतात. नदीची वाळू वापरू नये; तिचे कण टोकदार आणि वेगवेगळ्या आकारांचे असल्यामुळे लहान कण आधी उडून जातात, मोठे खाली राहतात, आणि मग कोणत्याही आकड्याचा दुसऱ्या आकड्याशी मेळ बसत नाही.

वेग वाढवत गेल्यास थराचे काय होते

मण्यांच्या थरातून खालून वर पाणी सोडले आणि त्याचा वेग हळूहळू वाढवला, तर आधी काहीच हलत नाही, पाणी फटींतून वाट काढते. एका ठरावीक वेगाला पाण्याचे ओढबल मण्यांचे पाण्यातील वजन पेलू लागते आणि थर सैल होतो. हा किमान तरलन वेग. त्यापुढे थर एकसारखा फुगत जातो. वायूच्या थरात मोठे बुडबुडे उठून खळबळ होते, तशी येथे सहसा होत नाही. विल्हेल्म आणि क्वॉक यांनी १९४८ मध्ये हा फरक स्पष्टपणे मांडला होता. वेग आणखी वाढला की थराचा वरचा पृष्ठभाग पुसट होतो, मणी नळीच्या तोंडातून बाहेर जाऊ लागतात, आणि गेलेले मणी खालून पुन्हा भरत राहिलो तरच थर टिकतो. ही परिभ्रमणाची अवस्था. वेग याहून खूपच वाढवला तर मणी विरळ होऊन पाण्याबरोबर नुसते वाहत जातात, त्याला वहन म्हणतात.

परिभ्रमणाच्या अवस्थेचे पुन्हा दोन भाग पडतात, आणि नवख्याने याच फरकावर सर्वाधिक लक्ष द्यावे. सुरुवातीच्या भागात पाण्याचा वेग थोडा जरी वाढला तरी फिरणाऱ्या मण्यांचे प्रमाण झपाट्याने वाढते. म्हणजे या भागात यंत्र अतिशय संवेदनशील असते. पूर्ण विकसित भागात मात्र मुख्य, म्हणजे मणी उचलणाऱ्या, पाण्याचा वेग वाढवूनही मण्यांचे प्रमाण फारसे बदलत नाही, कारण रायझर जितके मणी मिळतील तितके सहज उचलतो, आणि किती मणी द्यायचे हे अगदी तळातून वेगळे सोडलेले, मण्यांचा ढीग सैल करणारे साहाय्यक पाणी ठरवते. शक्यतो याच दुसऱ्या भागात काम करावे.

पंपाला हात लावण्यापूर्वी कागदावर काढायचे आकडे

उदाहरण म्हणून ०.५ मिमी व्यासाचे, २,५०० किलो प्रति घनमीटर घनतेचे काचेचे मणी, ७५ मिमी आतील व्यासाचा आणि ३ मीटर उंचीचा अॅक्रिलिकचा रायझर, आणि ३० अंश सेल्सिअसचे पाणी घेऊ. वेन आणि यू यांच्या १९६६ च्या सूत्राने किमान तरलन वेग सेकंदाला सुमारे २.७ मिमी येतो. एकटा मणी स्थिर पाण्यात ज्या वेगाने खाली पडेल तो अंतिम वेग सेकंदाला सुमारे ८० मिमी येतो. दोन्हींमध्ये जवळपास तीसपटीचे अंतर आहे, आणि साधा फुगणारा थर या अंतरात राहतो. परिभ्रमण अंतिम वेगाच्या साधारण १.१ पट वेगापासून सुरू होते, म्हणजे येथे सेकंदाला ८८ मिमीच्या आसपास. या नळीत तो वेग मिळवायला मिनिटाला सुमारे २३ लिटर पाणी लागते; आरामात काम करण्यासाठी सेकंदाला १५० मिमी वेग धरला तर मिनिटाला ४० लिटर लागतील. पंप आणि मुख्य रोटामीटर (प्रवाह मोजणारे उपकरण) या आकड्यांवरून निवडावेत. साहाय्यक पाण्यासाठी वेगळा, लहान रोटामीटर घ्यावा, कारण तेथील किमान तरलन वेगाला या नळीत मिनिटाला पाऊण लिटरही लागत नाही, आणि मोठ्या रोटामीटरवर इतका लहान प्रवाह वाचताच येत नाही.

पुढचा हिशेब रायझरमध्ये किती मणी असतील याचा. समजा दर चौरस मीटरला सेकंदाला १० किलो मणी फिरत आहेत, म्हणजे आपल्या नळीतून सेकंदाला सुमारे ४४ ग्रॅम. रिचर्डसन आणि झाकी यांनी १९५४ मध्ये दिलेल्या संबंधानुसार मण्यांच्या गर्दीत पाणी आणि मणी यांच्या वेगांतील फरक एकट्या मण्याच्या अंतिम वेगापेक्षा कमी होतो. आपल्या मण्यांसाठी त्यातील घातांक जवळपास ३ येतो. पाण्याचा वेग १५० मिमी धरून हिशेब जुळवला तर रायझरच्या आकारमानापैकी सुमारे ४.७ टक्के भाग मण्यांनी व्यापलेला असेल. मणी स्वतः सेकंदाला सुमारे ८५ मिमी वेगाने वर जात असतील.

प्रत्यक्ष मोजणीत हे प्रमाण हिशेबापेक्षा थोडे जास्त निघाले तर लगेच आपली चूक झाली असे मानू नये. हा संबंध मणी सगळीकडे सारखे पसरले आहेत असे धरतो, परंतु परिभ्रमणाच्या अवस्थेत नळीच्या मध्यभागी मणी विरळ आणि भिंतीजवळ दाट असतात. पाणी मधल्या मोकळ्या वाटेने अधिक जाते, आणि त्यामुळे एकूण फरकाचा वेग सूत्रापेक्षा मोठा दिसतो. वायूच्या यंत्रांपेक्षा हा असमानपणा सौम्य असतो, तरीही तो असतो. उंचीच्या दिशेने पाहिले तर काचेचे किंवा प्लॅस्टिकचे मणी जवळपास सारखे पसरतात. पोलादी छऱ्यांसारखे जड कण मात्र सुरुवातीच्या भागात तळाशी दाट आणि वर विरळ राहतात.

जोडणी

रायझरच्या तळाशी पाणी दोन वाटांनी आत यावे. मुख्य पाणी काही उभ्या नळ्यांतून, मणी आत येण्याच्या जागेच्या थोडे वर सोडावे. साहाय्यक पाणी अगदी तळाच्या सच्छिद्र पट्टीतून सोडावे. साहाय्यक पाण्याचे काम उचलण्याचे नसते, तिरप्या पाइपातून आलेल्या मण्यांचा ढीग सैल करून त्यांना मुख्य पाण्याच्या तावडीत पोचवण्याचे असते. ते बंद केले की मणी थांबतात, थोडे वाढवले की अधिक येतात. फिरणाऱ्या भागांचा व्हॉल्व्ह मण्यांनी झिजतो आणि अडकतो, म्हणून मण्यांचा व्हॉल्व्ह पाण्यानेच करण्याची ही युक्ती मला या यंत्रातील सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

साठवण टाकी रुंद घ्यावी, किमान २०० मिमी व्यासाची. तिच्यात १ मीटर उंचीचा सैल थर राहील इतके मणी भरावेत. टाकी आणि रायझर मिळून साधारण ४५ किलो मणी लागतात. पंपाने थेट रायझरमध्ये पाणी ढकलण्याऐवजी ते आधी उंचावरच्या, सतत ओसंडणाऱ्या टाकीत न्यावे आणि तेथून खाली सोडावे, म्हणजे विजेच्या दाबातील चढउतार थेट मण्यांपर्यंत पोचत नाहीत. पंपाच्या शोषणाच्या तोंडावर मण्यांहून बारीक जाळी हवीच. दाब मोजण्यासाठी रायझरवर दर अर्ध्या मीटरला आणि साठवण टाकीवर निदान तीन ठिकाणी बारीक नळ्या काढून त्या एका फळीवर शेजारी शेजारी उभ्या लावाव्यात. दाब दाखवणारी महागडी उपकरणे मिळाली तर उत्तम, पण पाण्याच्या उभ्या नळ्यांची फळी नवख्याला अधिक शिकवते, कारण फेऱ्याच्या दोन्ही बाजूंचा दाब एकाच नजरेत दिसतो.

दाबाचा हिशेब

आता मुख्य भागाकडे येऊ. रायझर आणि साठवण टाकी वरून विभाजकाने जोडलेले आहेत, म्हणून दोन्हींची सुरुवात पाण्याच्या एकाच पातळीपासून होते. खाली येताना दोन्ही बाजूंच्या पाण्याचे वजन सारखेच वाढते आणि ते एकमेकांना काटते. उरते ते फक्त मण्यांचे जादा वजन. टाकीकडे मणी दाट, म्हणून तेथील तळाचा दाब जास्त. रायझरकडे विरळ, म्हणून तेथे कमी. या दोन दाबांतील फरकच मण्यांना तिरप्या पाइपातून रायझरकडे ढकलतो. पंप मणी वर उचलतो हे खरे, पण मण्यांना रायझरच्या तोंडाशी आणून सोडणारे बळ शेजारच्या टाकीतील मण्यांच्या वजनाचे असते.

आकड्यांत पाहू. टाकीत मणी सैल असताना आकारमानाचा सुमारे ५५ टक्के भाग व्यापतात, म्हणून १ मीटर थरामागे जादा दाब पाण्याच्या सुमारे ८३० मिमी उंचीइतका येतो. रायझरमध्ये ४.७ टक्के मणी असतील तर दर मीटरला ७१ मिमी, म्हणजे ३ मीटरला सुमारे २१० मिमी. भिंतीचे घर्षण येथे जेमतेम १ मिमी आहे, ते सोडून द्यावे. म्हणजे तिरप्या पाइपात आणि तोंडाशी खर्च करायला सुमारे ६०० मिमी दाब शिल्लक आहे, आणि यंत्र निवांत चालेल.

आता साहाय्यक पाणी वाढवत नेले आणि रायझरमधील मणी १५ टक्क्यांवर गेले असे समजा. हिशेबाने तेव्हा दर चौरस मीटरला सेकंदाला सुमारे ४५ किलो मणी फिरत असतील. रायझरचा जादा दाब आता ६८० मिमी झाला. शिल्लक राहिली १५० मिमी, आणि याच वेळी चौपटीहून अधिक मणी तिरप्या पाइपातून न्यायचे असल्यामुळे तेथील खर्च मात्र वाढला आहे. शिवाय रायझरमध्ये वाढलेले सुमारे साडेतीन किलो मणी टाकीतूनच आलेले असतात. २०० मिमी व्यासाच्या टाकीत त्यामुळे थर ८ सेंटिमीटर खाली जातो. टाकी १०० मिमी व्यासाची असती तर तो जवळपास ३० सेंटिमीटर गेला असता आणि तेवढ्यानेच शिल्लक संपली असती. टाकी रुंद घ्या असे आग्रहाने सांगण्याचे कारण हे आहे.

शिल्लक आणि खर्च जेथे समान होतात, तेथे त्या यंत्राचे मण्यांचे कमाल परिभ्रमण येते. त्यापुढे स्थिर स्थिती असतच नाही. साहाय्यक पाणी आणखी उघडले तर मणी वाढत नाहीत. तळाचा दाब टाकीच्या दाबावर मात करतो, आणि पाणी तिरप्या पाइपातून टाकीकडे वळते. ही मर्यादा दूर न्यायची असेल तर तीन मार्ग आहेत: टाकीत मणी वाढवून थर उंच करणे, तिरपा पाइप रुंद आणि आखूड करून त्याचा अडथळा कमी करणे, आणि मुख्य पाणी वाढवून रायझरमधील मणी विरळ करणे. नवख्या माणसाचा हात नेमका चौथ्या, चुकीच्या मार्गाकडे, म्हणजे साहाय्यक पाण्याच्या व्हॉल्व्हकडे जातो.

यात एक पोटकलम आहे. टाकीतील मणी घट्ट बसले असतील तर त्यांच्या वजनाचा काही भाग भिंती उचलतात आणि तळापर्यंत पूर्ण दाब पोचत नाही. म्हणून टाकीच्या तळाशीही अगदी थोडे पाणी सोडून थर सैल ठेवावा. टाकीच्या बाजूला हाताने हलकेच ठोकल्यावर थराची पातळी खाली बसत असेल तर तो सैल नाही असे समजावे.

सुरू करण्याचा क्रम

प्रथम संपूर्ण यंत्र मण्यांशिवाय पाण्याने भरावे आणि फळीवरील सर्व नळ्यांतील हवा काढावी. पाणी स्थिर असताना सर्व नळ्यांची पातळी एकसारखी यायला हवी. एखादी दोन मिलिमीटर जरी वेगळी असेल तर तिच्यात बुडबुडा अडकला आहे, आणि तो काढल्याशिवाय पुढे जाऊ नये. त्यानंतर मणी भरून धुवावेत, कारण नव्या मण्यांतील धूळ पाणी गढूळ करते आणि जाळी भरून टाकते.

मग, तिरपा पाइप बंद ठेवून, रायझरमध्ये ठरावीक वजनाचे मणी घालावेत आणि मुख्य पाण्याच्या वेगवेगळ्या वेगांना नळी पूर्ण रिकामी व्हायला किती वेळ लागतो हे घड्याळ लावून मोजावे. वेग जास्त असताना हा वेळ हळूहळू बदलतो आणि वेग कमी होत गेला की एका जागी अचानक खूप वाढू लागतो. आलेखावर दोन बाजूंच्या रेषा जेथे मिळतात तो वेग हा आपल्या मण्यांचा आणि त्या दिवशीच्या पाण्याचा परिभ्रमण सुरू होण्याचा वेग. टाकीत मणी किती आहेत किंवा पाइप कसा आहे याच्याशी त्याचा संबंध नसतो, म्हणूनच तो आधी मोजायचा. या मोजणीला अर्धा दिवस जातो आणि तो वाया गेल्यासारखा वाटतो, परंतु पुढच्या सगळ्या निर्णयांना आधार हाच आकडा देतो.

प्रत्यक्ष परिभ्रमण सुरू करताना मुख्य पाणी आधी सोडून ते कामाच्या वेगावर, आपल्या उदाहरणात मिनिटाला ४० लिटरच्या जवळ, स्थिर करावे. नंतर टाकीतील सैल करणारे पाणी सोडावे. त्यानंतर तिरपा पाइप उघडावा, आणि सर्वांत शेवटी साहाय्यक पाणी अगदी थोडे सुरू करून मिनिटाला पाव-पाव लिटरने वाढवावे. प्रत्येक वाढीनंतर फळीवरील पातळ्या स्थिर होईपर्यंत, किमान दहा मिनिटे, काहीही हलवू नये.

मे महिन्यातील एक दिवस

पाण्याच्या तापमानाचा विचार न करण्याची चूक माझ्याकडूनच झाली होती. जानेवारीत गच्चीवरच्या टाकीतील पाणी सकाळी १५ अंशांच्या आसपास असे, आणि मुख्य प्रवाह मिनिटाला २४ लिटर, म्हणजे वेग सेकंदाला ९० मिमी, ठेवला की मणी छान फिरत. तोच आकडा आम्ही वहीत ‘कामाचा प्रवाह’ म्हणून लिहून ठेवला. मे महिन्यात दुपारी तोच प्रवाह लावला तर मणी रायझरच्या तळाशी ढिगाने साचू लागले. मी साहाय्यक पाणी वाढवले, मग आणखी वाढवले. आमचे फिटर काका शेजारी उभे होते, त्यांनी तिरप्या पाइपावर हात ठेवला आणि म्हणाले, “सर, मणी घरंगळायचे थांबले, पाइप गप्प झालाय.” फळीकडे पाहिले तोवर रायझरच्या तळाची नळी टाकीच्या नळीच्या वर गेली होती. दोन मिनिटांत टाकीतील थर उसळला, मणी विभाजकावरून ओसंडून परतीच्या हौदात गेले आणि पंपाची जाळी भरून पंपाचा आवाज बदलला.

कारण नंतर हिशेब केल्यावर सापडले. पाणी तापले की त्याची विष्यंदिता, म्हणजे चिकटपणा, कमी होतो: १५ अंशांना ती सुमारे १.१४ मिलिपास्कल-सेकंद असते आणि ३५ अंशांना सुमारे ०.७२. त्यामुळे त्याच मण्याचा अंतिम वेग १५ अंशांना सेकंदाला ७० मिमी, तर ३५ अंशांना ८३ मिमी येतो. परिभ्रमण सुरू होण्याचा वेग पहिल्या वेळी ७७ मिमी आणि दुसऱ्या वेळी सुमारे ९२ मिमी. जानेवारीत ९० मिमी पुरेसा होता. मे महिन्यात तो मर्यादेच्या खाली होता, आणि न उचलता येणारे मणी मी साहाय्यक पाण्याने रायझरमध्ये भरत राहिलो होतो. पाणी बंद फेऱ्यात फिरत असेल तर पंपाच्या कामानेही ते तासागणिक तापते, म्हणून सकाळी स्थिर असलेले यंत्र दुपारी सीमेवर येऊ शकते. तेव्हापासून वहीत प्रवाहाच्या शेजारी तापमानाचा रकाना आहे, आणि कामाचा वेग मिलिमीटरमध्ये न लिहिता त्या तापमानाच्या अंतिम वेगाच्या किती पट आहे असा लिहिला जातो. दीडपटीच्या खाली मी आता सहसा जात नाही.

मोजताना

फिरणाऱ्या मण्यांचे प्रमाण मोजण्याची सोपी पद्धत अशी: विभाजकात पडणारे मणी २० सेकंद एका जाळीच्या भांड्यात वळवून घ्यावेत, वाळवावेत आणि वजन करावे. आपल्या उदाहरणात ८८० ग्रॅमच्या आसपास भरतील. मोजणी लांबवू नये, कारण तेवढे मणी टाकीत परत जात नाहीत आणि मोजताना आपणच दाबाचा हिशेब बिघडवत असतो. तीन वेळा मोजून सरासरी घ्यावी आणि प्रत्येक वेळी मणी परत टाकावेत.

रायझरमधील मण्यांचे प्रमाण फळीवरून काढता येते. १ मीटर अंतरावरील दोन नळ्यांच्या पातळीत ७१ मिमी फरक असेल तर ०.०७१ ला पाण्याच्या घनतेने गुणून मण्यांच्या आणि पाण्याच्या घनतेतील फरकाने भागावे, ०.०४७ मिळते. भिंतीजवळचा आणि मध्यभागाचा फरक पाहायचा असेल तर प्रकाशतंतूंचे किंवा विद्युतवाहकतेचे प्रोब लागतात. पहिल्या वर्षी त्यांच्या मागे लागू नये.

अस्थैर्य ओळखण्याच्या खुणा

सर्वांत विश्वासू खूण म्हणजे तिरप्या पाइपाच्या दोन टोकांच्या नळ्यांमधील अंतर. ते कमी होत असेल तर रायझर कितीही सुंदर दिसत असला तरी हात आवरावा. दुसरी खूण टाकीतील थराची पातळी: तिच्यावर सकाळीच चिकटपट्टीने रेघ मारून ठेवावी, सर्व प्रवाह तेच असताना ती सावकाश खाली जात असेल तर मणी कुठेतरी साचत आहेत, बहुधा रायझरच्या तळाशी किंवा विभाजकाच्या कोपऱ्यात. पातळ्या ठरावीक लयीत वर-खाली होत असतील तर तिरप्या पाइपात मणी अडून पुन्हा सुटत आहेत. अनियमित झटके असतील तर आधी पंपाच्या शोषणात हवा जात नाही ना ते पाहावे. हौदातील पाणी कमी झाले की भोवऱ्यातून हवा ओढली जाते.

असे काही दिसले तर मुख्य पाणी कमी करू नये. घाबरून पंप बंद करण्याचा मोह होतो, पण तसे केले की रायझरमधील सर्व मणी तळाशी बसून मुख्य पाण्याच्या नळ्यांची तोंडे बुजतात. आधी साहाय्यक पाणी कमी करावे, गरज पडल्यास पूर्ण बंद करावे, मुख्य पाणी तसेच ठेवावे किंवा थोडे वाढवावे, आणि रायझर विरळ होण्याची वाट पाहावी.

काचेवर हात बसल्यानंतर रेझिनकडे वळताना एक फरक लक्षात ठेवावा. ओल्या रेझिनची घनता पाण्यापेक्षा थोडीच जास्त असते. समजा ती १,२५० किलो प्रति घनमीटर आहे. तर १ मीटर थरामागे मिळणारा जादा दाब ८३० मिमीवरून १४० मिमीच्या आसपास येतो. रायझरमधील वजनही त्याच प्रमाणात घटते, पण तिरप्या पाइपातून पाणी आणि मणी नेण्याचा खर्च त्या प्रमाणात घटत नाही. म्हणून रेझिन उचलायला सोपे आणि फिरवायला अवघड असते. त्यासाठी थर उंच आणि पाइप अधिक रुंद ठेवावा लागतो, आणि दाबाची फळी मिलिमीटरपर्यंत वाचावी लागते.

दिवस संपताना साहाय्यक पाणी आधी बंद करावे, तिरपा पाइप बंद करावा, मुख्य पाणी रायझरमधील शेवटचे मणी वर जाईपर्यंत चालू ठेवावे आणि मगच पंप थांबवावा. रायझरच्या वरच्या तोंडाचा मार्ग अडवून पंप चालवू नये. अॅक्रिलिकला तडा जातो. जमिनीवर सांडलेले मणी लगेच झाडून घ्यावेत, कारण ओल्या फरशीवर ते पायाखाली आले की माणूस जोराने घसरतो. धुतलेले पाणी गटारात सोडण्याआधी जाळीतून गाळावे, जाळीवरचे मणी वाळवून परत डब्यात भरावेत, आणि टाकीवरची रेघ दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ताडून पाहावी.